सीलबंद मृत्युपत्र: मसुद्यापासून निबंधकाच्या पेटीपर्यंतच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५

पक्षकार बाई, वय ७१, हिंदू, विधवा, अपत्य नाही. मिळकत अशी: स्वतःच्या पगारातून घेतलेली सहकारी गृहनिर्माण संस्थेतली एक सदनिका, दोन बँकांतल्या मुदत ठेवी, डिमॅट खात्यातले शेअर, सोनं, आणि वडिलांकडून आलेला शेतजमिनीतला हिस्सा. सदनिका भाचीला, म्हणजे बहिणीच्या मुलीला द्यायची आहे. मजकूर त्यांच्या हयातीत कोणाला कळता कामा नये, साक्षीदारांनासुद्धा नाही, ही त्यांची मुख्य अट.

मृत्युपत्र केलंच नाही तर काय होईल, हे आधी कागदावर मांडलं. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ च्या कलम १५ प्रमाणे अपत्य आणि पती दोघेही नसलेल्या स्त्रीची स्वकष्टार्जित मिळकत पतीच्या वारसांकडे जाते. स्त्रीच्या स्वतःच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर लागतो आणि वडिलांच्या वारसांचा त्याहूनही नंतर. आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत फिरते. म्हणजे सदनिका दीर-पुतण्यांकडे जाईल आणि शेतजमीन माहेरी. भाचीला सदनिकेतलं काहीच मिळणार नाही. पक्षकारांना हे ठाऊक नव्हतं. अपत्य नसलेल्या बहुतेक बायकांना ते ठाऊक नसतं, म्हणून पहिल्याच बैठकीत कलम वाचून दाखवायचं असं ठरवून ठेवलं आहे.

६ ऑगस्ट २०२५

मार्ग ठरवला. पक्षकारांच्या मनात "नोटरीकडून गुप्त मृत्युपत्र" होतं. काही देशांत तशी रीत खरोखर आहे. पोर्तुगालच्या १८६७ च्या नागरी संहितेत बंद मृत्युपत्राला नोटरीने मान्यता द्यायची तरतूद होती. जपानमध्ये आजही बंद लिफाफा नोटरी आणि किमान दोन साक्षीदारांसमोर ठेवून त्यावर नोंद करतात. महाराष्ट्रात नोटरीला असं काम कायद्याने दिलेलं नाही. नोटरी अधिनियम १९५२ खालचा शिक्का मृत्युपत्रावर असला काय, नसला काय, वैधतेत फरक पडत नाही.

फरक पडतो तो चुकीच्या समजुतीने. नोटरीचा लाल शिक्का बसला म्हणजे काम झालं असं मानून लोक एकाच साक्षीदारावर भागवतात. मृत्युपत्राला भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात, आणि ते साक्षांकनाच्या, म्हणजे सही आपल्यासमोर झाली हे प्रमाणित करण्याच्या हेतूने सही करणारे लागतात. एम. एल. अब्दुल जब्बार साहिब खटल्यात (१९६९) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की दस्त नोंदवणारा अधिकारी आणि ओळख पटवणारे साक्षीदार केवळ सही केली म्हणून साक्षांकन करणारे साक्षीदार ठरत नाहीत. तोच तर्क नोटरीलाही लागतो. शिवाय नोटरीसमोर कागद उघडला की पाहणारं आणखी एक माणूस वाढतं. नोटरी वगळला.

राहिले दोन मार्ग. दुय्यम निबंधकाकडे रीतसर नोंदणी, किंवा नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ४२ प्रमाणे जिल्हा निबंधकाकडे सीलबंद लिफाफा ठेवणं. नोंदणी केलेल्या मृत्युपत्राची नक्कल हयातीत फक्त करणाऱ्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीला मिळते, त्यामुळे तेही तसं खासगीच असतं. पण नोंदणी करताना दस्त उघडा असतो, पानं तपासली जातात, स्कॅन होतात. पक्षकारांच्या अटीत ते बसत नाही. सीलबंद ठेव पक्की केली.

या मार्गाची किंमत मात्र आजच लिहून ठेवायला हवी. लिफाफा बंद असल्याने आतला कागद बरोबर आहे की नाही, हे कोणीही तपासत नाही. सही राहिली, साक्षीदार एकच आहे, पान गळलं, तरी निबंधक लिफाफा घेतो, कारण त्याने फक्त लिफाफा पाहायचा असतो. चूक कळते ती मृत्यूनंतर, जेव्हा दुरुस्त करणारं माणूसच नसतं. म्हणून जी तपासणी एरवी कार्यालयाच्या खिडकीवर होते, ती सगळी सील लावण्यापूर्वी इथेच करायची.

८ ऑगस्ट २०२५

मिळकतीची यादी. पाच बाबींवर सहा तास गेले, आणि ते जायलाच हवे होते.

सदनिका: इमारतीचं नाव, सदनिका क्रमांक, सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर), चटई क्षेत्र, सूची क्रमांक २ वरचा दस्त क्रमांक, भाग दाखल्याचा क्रमांक. एवढ्यावर थांबलं तर पुनर्विकासात घोळ होतो. भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचं कलम १५२ सांगतं की नेमून दिलेली वस्तू मृत्यूच्या वेळी मृत्युपत्र करणाऱ्याच्या मालकीची उरली नसेल, किंवा तिचं रूपांतर वेगळ्या प्रकारच्या मिळकतीत झालं असेल, तर मृत्युपत्राने केलेलं ते दान संपुष्टात येतं. जुनी इमारत पाडली आणि बाई नव्या इमारतीचा ताबा मिळण्यापूर्वी गेल्या, तर "सदनिका क्रमांक ७" कुठे आहे, यावर वाद उभा राहतो. म्हणून वाक्य असं घातलं: "सदर सदनिका, तसेच पुनर्विकास वा अन्य कारणाने तिच्याऐवजी मिळणारी सदनिका, तिच्यासंबंधी मिळणारे भाडे, भरपाई, कॉर्पस रक्कम व संस्थेतील भाग." पंचवीस-तीस वर्षं जुनी इमारत असेल तर हे वाक्य विसरू नये.

मुदत ठेवी: पावती क्रमांक लिहायचे नाहीत. नूतनीकरणात क्रमांक बदलतो आणि तीच अडचण पुन्हा येते. "अमुक बँकेच्या अमुक शाखेत माझ्या मृत्यूच्या वेळी माझ्या नावावर असलेल्या सर्व ठेवी व शिल्लक" असं लिहिलं.

नामनिर्देशन (नॉमिनेशन) स्वतंत्रपणे तपासलं. दोन्ही बँकांत पुतण्याचं नाव आहे, संस्थेत कोणाचंच नाही. नामनिर्देशित म्हणजे मालक नव्हे, हे शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी खटल्यात (२०२३) स्पष्ट केलं आहे. विमा पॉलिसीच्या बाबतीत सरबती देवी खटल्याने (१९८४) तेच सांगितलं होतं. पुढे विमा कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने पती-पत्नी, मुलं, आईवडील यांच्यापुरतं चित्र बदललं. म्हणजे ठेवींच्या बाबतीत मृत्युपत्र वरचढ ठरेल. पण पैसे आधी पुतण्याच्या हाती जातील आणि ते परत मिळवायला भाचीला भांडावं लागेल. नामनिर्देशन बदललं तर हेतू आजच उघड होतो. पक्षकारांनी विचार करून ठेवींचा लाभार्थी पुतण्याच ठेवला आणि फक्त सदनिका भाचीला दिली. गुप्तता आणि सोय यांची गाठ अशी जागोजागी पडते. प्रत्येक ठिकाणी निर्णय पक्षकारांनीच घ्यायचा, आपण परिणाम सांगायचे.

शेतजमीन: भाची शेतकरी आहे का, सातबारावर तिचं नाव कुठे आहे का, हे विचारलं. नाही. १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याकडे शेतजमिनीचं हस्तांतरण रोखतं. गुजरातला लागू असलेल्या याच कायद्याबाबत विनोदचंद्र कापडिया खटल्यात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने मृत्युपत्राने दिलेली जमीनही या बंदीत येते असं ठरवलं. धोका पत्करण्यात अर्थ नाही. जमीन भावाला, तो सातबारावर आहेच.

सोनं: वजन आणि वर्णन दोन्ही. नुसतं "पाटल्या" नको, "पाटल्यांचा एक जोड, अंदाजे ४० ग्रॅम".

१२ ऑगस्ट २०२५

पहिला मसुदा, मराठीत. पक्षकार मराठीतच वाचतात, आणि ज्या भाषेत माणूस वाचू शकत नाही त्या भाषेतल्या मृत्युपत्रावर पहिला आक्षेप तोच येतो: त्यांना मजकूर कळलाच नव्हता.

कलमांचा क्रम: ओळख व पत्ता, पूर्वीची सर्व मृत्युपत्रं व पुरवण्या रद्द, मानसिक स्थितीचं विधान, मिळकतवार दान, पर्यायी लाभार्थी, उर्वरित मिळकत, कारणांचा परिच्छेद, एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणणारी व्यक्ती), सही व साक्षांकन.

पर्यायी लाभार्थी जवळजवळ प्रत्येक घरगुती मसुद्यात राहून जातो. लाभार्थी आधी गेला तर भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १०५ प्रमाणे ते दान निष्फळ होऊन उर्वरित मिळकतीत मिसळतं. उर्वरित मिळकतीचं कलमही नसेल तर ती मिळकत वारसाहक्काने वाटली जाते, म्हणजे ४ तारखेच्या नोंदीतला क्रम पुन्हा लागू. उघड्या मृत्युपत्रात अशी घटना घडली की घरातलं कोणीतरी "ते बदला" म्हणून आठवण करतं. गुप्त मृत्युपत्राची आठवण करणारं कोणी नसतं. म्हणून सदनिकेसाठी दोन पातळ्या: भाची, ती नसेल तर तिची मुलं समान वाट्याने.

कारणांचा परिच्छेद चार ओळींचा. एच. वेंकटाचल अय्यंगार खटल्यापासून (१९५९) न्यायालयं मृत्युपत्राभोवतीची संशयास्पद परिस्थिती पाहतात: जवळच्या वारसांना कारणाविना वगळलेलं, लाभार्थ्याने मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतलेला, सही थरथरती. संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येते. वगळण्याचं कारण शांत भाषेत लिहिलेलं असलं की त्या माणसाच्या हाती काहीतरी असतं. पहिल्या मसुद्यात पुतण्याच्या वागणुकीवर दीड पान होतं. ते काढलं. रागाने लिहिलेला मजकूर वाचून "मन स्थिर नव्हतं" असा युक्तिवाद उभा करणं फार सोपं असतं. आता वाक्य असं: "सदनिका मी माझ्या स्वतःच्या कमाईतून घेतली असून आजारपणात माझी देखभाल भाचीने केली आहे, इतर नातेवाइकांना मी वर नमूद केल्याप्रमाणे दिले आहे."

भाचीला या कामाचा पत्ता नाही. तसाच राहू द्यायचा. पक्षकारांना कार्यालयात घेऊन येणारी रिक्षासुद्धा तिने ठरवलेली नको.

एक्झिक्युटर म्हणून पक्षकारांचे जुने सहकारी. त्यांना मजकूर दाखवायचा नाही, पण "तुम्हाला नेमलं तर कराल का" एवढं पक्षकारांनी स्वतः विचारायचं. न विचारता नेमलेला माणूस ऐनवेळी नकार देऊ शकतो.

१४ ऑगस्ट २०२५

टंकलेखन की हस्ताक्षर? कायद्याला दोन्ही चालतं. संगणकावर केलं तर फाइल, प्रिंटरची स्मृती, आपोआप होणारा बॅकअप, मसुदा मोबाइलवर पाठवायची सवय, एवढ्या जागा मजकूर फुटायला उपलब्ध. पक्षकारांचं अक्षर स्वच्छ आहे. त्यांनी स्वतः लिहायचं ठरलं. स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर पुढे "मला कळलं नव्हतं" या आक्षेपालाही उत्तर देतो.

साहित्य: लेजर पेपर १२ ताव (मृत्युपत्र ५ पानी, बाकी चुकण्यासाठी), काळं बॉलपेन २, पट्टी, सुई आणि जाड पांढरा दोरा. जेल पेन नको. दमट हवेत त्याची शाई पसरते आणि वर्षानुवर्षं दाबून राहिलेल्या पानांवर उमटते. स्टेपलरची पिन नको. गंज पानावर उतरतो, आणि पिन काढून पुन्हा लावली तर भोकं दिसतात, मग पान बदलल्याचा संशय. डाव्या समासात तीन भोकं, दोऱ्याने शिवायचं, गाठ मागच्या बाजूला.

प्रत्येक पानाच्या तळाशी "पान ५ पैकी २" असं, आणि पक्षकारांची सही. उरलेल्या जागेवर तिरकी रेघ.

खाडाखोड झाली तर पान टाकायचं. त्याच अधिनियमाच्या कलम ७१ प्रमाणे सह्या झाल्यावरच्या बदलाला मृत्युपत्राइतक्याच औपचारिकतेने सही-साक्षीदार लागतात, नाहीतर तो बदल ग्राह्य धरत नाहीत. सहीपूर्वीची खाडाखोड वैध असते, पण ती सहीपूर्वीची होती हे सिद्ध कोण करणार? एकूण तीन पानं टाकावी लागली. एकावर भाचीच्या कागदोपत्री नावाच्या जागी तिचं घरातलं नाव लिहिलं गेलं होतं. लाभार्थ्याचं नाव आधार कार्डावर आहे तसंच हवं, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह.

टाकलेली पानं लगेच फाडून जाळली. आधीच्या मसुद्याचंही तेच. पक्की प्रत एकच. झेरॉक्स नाही, दुसरी मूळ प्रत नाही. दोन मूळ प्रती असल्या आणि पक्षकारांकडची सापडली नाही, तर त्यांनी ती हेतुपुरस्सर नष्ट केली, म्हणजे मृत्युपत्र रद्द केलं, असा युक्तिवाद होतो.

१८ ऑगस्ट २०२५

लाखेची चाचणी. किरकोळ वाटणारं काम, पण लिफाफ्याची सगळी विश्वासार्हता यावर आहे. नोंदणी अधिनियमाच्या कलम ४३ प्रमाणे निबंधक सीलवर जो वाचता येण्याजोगा मजकूर असेल तो आपल्या पुस्तकात लिहून घेतो. नाण्याचा ठसा मारला तर नोंद "नाण्याचा ठसा" एवढीच होईल, आणि तसं नाणं कोणाकडेही असतं. पक्षकारांच्या आद्याक्षरांचा पितळी ठसा करून घेतला, दोन अक्षरं, व्यास १८ मिमी.

पहिल्या सहा ठशांपैकी दोनच वाचता आले. कारणं शोधली. एक, लाख ज्योतीत थेट धरली होती. काजळी मिसळली आणि लाख जळून ठिसूळ झाली. मेणबत्तीच्या ज्योतीच्या थोडी वर धरून हळूहळू वितळवली तर लाल रंग स्वच्छ राहतो. दोन, ठसा लगेच दाबला. लाख अक्षरांत शिरून चिकटून आली. थेंब पडल्यावर पाच-सहा सेकंद थांबायचं, ठशाला तेलाचं बोट पुसून लावायचं, दाबून दहा सेकंद न हलवता धरायचं. तीन, कापडी अस्तराच्या लिफाफ्याचा वरचा कागद गुळगुळीत होता आणि पावसाळी हवेत त्याला ओल धरली होती. लाख वाळल्यावर नखाने सुटी होत होती. लिफाफे दोन दिवस कोरड्या कपाटात ठेवले, लाखेच्या जागी बारीक पॉलिश पेपरने खरवडलं, आणि लिफाफ्याभोवती दोरा फिरवून त्याची टोकं लाखेत गाडली. मग लाख उचलायची तर कागद फाटतोच.

आणखी एक: लिफाफा वाकला की लाखेला तडा जातो. आत मृत्युपत्राच्या मापाचा जाड पुठ्ठा घालायचा.

सेलोटेप सहीवर लावायची नाही. काही वर्षांत ती पिवळी पडते, सुटते, आणि सुटताना शाई घेऊन जाते.

२१ ऑगस्ट २०२५

सह्या. ठरलेला दिवस १६ ऑगस्ट होता, एका साक्षीदाराच्या अडचणीने पुढे गेला. मात्र पान ५ वर "१६ ऑगस्ट" आधीच लिहून ठेवलेलं निघालं. पान पुन्हा लिहावं लागलं. यापुढे तारखेची जागा रिकामी ठेवायची आणि सहीच्या वेळी पक्षकारांनी स्वतःच्या हाताने भरायची.

साक्षीदार दोन: पक्षकारांचे नेहमीचे डॉक्टर, वय ४८, आणि एक शेजारी, वय ४१. दोघेही लाभार्थी नाहीत, लाभार्थ्यांचे नातेवाईक नाहीत. भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचं कलम ६७ साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला दिलेलं दान निष्फळ करतं. हिंदूंना हे कलम लागू नाही, ख्रिस्ती व पारशी पक्षकारांना आहे. पण हिंदूंच्या बाबतीतही लाभार्थी साक्षीदार म्हणजे उलटतपासणीला आयतं निमंत्रण. वयाने लहान साक्षीदार घ्यायचे, कारण न्यायालयात त्यांना यावं लागणार आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६७ प्रमाणे हयात आणि हजर होऊ शकणाऱ्या किमान एका साक्षीदाराची साक्ष झाल्याशिवाय मृत्युपत्र पुरावा म्हणून वापरता येत नाही.

डॉक्टरांनी त्याच दिवशी तपासून वेगळ्या कागदावर प्रमाणपत्र दिलं: वेळ, स्थळ, व्यक्ती यांचं भान आहे, प्रश्नांची सुसंगत उत्तरं देतात, गुंगी आणणारं औषध चालू नाही. कायदा हे मागत नाही. पण ७१ व्या वर्षी ते सोबत असलेलं बरं. डॉक्टरांनी नुसतं प्रमाणपत्र देऊन साक्षीदार म्हणून सही करायची राहून जाते, तसं होऊ दिलं नाही.

मजकूर साक्षीदारांपासून कसा लपवायचा? साक्षीदाराला मजकूर कळण्याची गरज नसते, त्याने सही पाहायची असते. सोपा वाटणारा उपाय म्हणजे शेवटच्या पानावर फक्त सह्या घेणं. तो धोक्याचा आहे. नुसत्या सह्यांचं पान कोणत्याही मजकुराला जोडता येतं. म्हणून पान ५ वर एक्झिक्युटरच्या नेमणुकीचा शेवटचा भाग आणि "हे मृत्युपत्र एकूण ५ पानांचे असून" हे वाक्य आणलं, दानाची कलमं पान २ ते ४ वर. पानं आधीच शिवलेली होती. वरची चार पानं उलटून मागे धरली आणि पान ५ च्या वरच्या अर्ध्या भागावर कोरा कागद टाचला. पक्षकारांनी पहिल्या चार पानांवरही दोघांसमोरच सह्या केल्या, फक्त तळाची पट्टी उघडी ठेवून.

क्रम: आधी पक्षकार, मग पहिला साक्षीदार, मग दुसरा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिघेही एकाच टेबलाशी, कोणी उठलं नाही, फोन बंद. भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचं कलम ६३ दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असायला हवेत असं म्हणत नाही. तरी हे पाळायचं, कारण जानकी नारायण भोईर खटल्यात (२००३) नेमकं हेच नडलं. न्यायालयात आलेला एकटा साक्षीदार दुसऱ्याच्या साक्षांकनाबद्दल सांगू शकला नाही आणि मृत्युपत्र सिद्ध झालं नाही. दोघांनी एकमेकांच्या सह्या पाहिल्या असतील तर एकाची साक्षही पुरते. साक्षांकनाचं वाक्य त्यासाठीच असं ठेवलं आहे: "वरील सह्या आमच्या दोघांच्या समक्ष केल्या असून आम्ही दोघांनी त्यांच्या समक्ष व एकमेकांसमक्ष साक्षीदार म्हणून सह्या केल्या आहेत." खाली पूर्ण नाव, वय, पत्ता.

व्हिडिओ घेतला नाही. घेतला असता तर मूळ फाइल जपणं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडणं, आणि पक्षकार क्षणभर अडखळल्या तर त्याचाच अर्थ काढला जाणं, हे सगळं आलं असतं. डॉक्टर साक्षीदार असताना गरज नव्हती.

सही झाल्यावर, सील करण्यापूर्वी, पक्षकारांसोबत बसून एकदा शेवटची तपासणी: पाच पानं, पाच सह्या, दोन साक्षीदार, तारीख, दोरा, रेघा. मग आतला लिफाफा बंद, त्यात मृत्युपत्र, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि पुठ्ठा. बाहेरच्या कापडी लिफाफ्यावर मागच्या बाजूला चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी अशा पाच लाखा, झडपेच्या सांध्यांवर पक्षकारांच्या सह्या. पुढच्या बाजूला कायद्याला हवा तेवढाच मजकूर: "मृत्युपत्र. मृत्युपत्रकर्त्या: (पूर्ण नाव). प्रतिनिधी: नाही. नोंदणी अधिनियम १९०८, कलम ४२ अन्वये ठेव." लाभार्थी, एक्झिक्युटर, मिळकत, यांतलं एक अक्षरही बाहेर नाही. या मजकुराची जशीच्या तशी नक्कल निबंधकाच्या पुस्तक क्रमांक ५ मध्ये होते.

पितळी ठसा पक्षकारांच्या हवाली.

२२ ऑगस्ट २०२५

पहिली फेरी वाया. जवळच्या नोंदणी कार्यालयात गेलो, तिथे दुय्यम निबंधक बसतात. त्यांच्याकडे मृत्युपत्राची नोंदणी होते, सीलबंद ठेव होत नाही. कलम ४२ मध्ये शब्द "निबंधक" आहे. महाराष्ट्रात त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणचं सह जिल्हा निबंधक कार्यालय गाठायचं, जिथे मुद्रांक जिल्हाधिकारीही बसतात. हे आधी तपासायला हवं होतं. खिडकीवर "उघडून द्या, इथेच नोंदवून घेऊ" असा सल्ला मिळाला. तो मानला असता तर सगळी गुप्तता तिथेच संपली असती.

लिफाफा पुढच्या फेरीपर्यंत पक्षकारांच्याच कपाटात.

२५ ऑगस्ट २०२५

ठेव झाली. पक्षकार स्वतः हजर. प्रतिनिधीमार्फतही ठेव चालते, पण मग प्रतिनिधीच्या अधिकारपत्राचा आणखी एक कागद आणि आणखी एक शंका. चालता येत नसेल तर कलम ३१ प्रमाणे विशेष कारण दाखवून अधिकाऱ्याला घरी बोलावता येतं. ही सोय मृत्युपत्र ठेवण्यासाठीही आहे, ती फार थोड्यांना माहीत असते.

सोबत नेलं: अर्ज, आधार व पॅनच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स, ओळख पटवणाऱ्या दोन व्यक्ती. ओळख पटवणारे साक्षांकन करणाऱ्यांपेक्षा वेगळे घेतले, म्हणजे पुस्तकातली नावं पाहून मृत्युपत्राचे साक्षीदार कोण, याचा अंदाज येत नाही. मुद्रांक शुल्क मृत्युपत्राला लागत नाही. मुदतही नाही, कलम २७ प्रमाणे मृत्युपत्र केव्हाही नोंदवता किंवा ठेवता येतं.

कार्यालयाने केलेली नोंद समोर उभं राहून वाचली: लिफाफ्यावरचा मजकूर, वर्ष, महिना, दिवस, तास, ओळख पटवणाऱ्यांची नावं, सीलवरची अक्षरं. तीच वेळ लिफाफ्यावरही. नोंद करणाऱ्याने सीलचा रकाना "लाखेचे सील" असा भरला होता. विनंती केल्यावर अक्षरं लिहिली. विनंती केली नसती तर १८ तारखेचं सगळं काम फुकट गेलं असतं. मग लिफाफा अग्निरोधक पेटीत. पावती घेतली, नोंद क्रमांक दोनदा पडताळला.

१० सप्टेंबर २०२५

मृत्युपत्र आहे हेच कोणाला माहीत नसेल तर ते पेटीतच राहील. नोंदणी अधिनियमाखाली बेवारस कागद दोन वर्षांनंतर नष्ट करता येतात, पण मृत्युपत्रं त्यातून वगळलेली आहेत. म्हणून ते हरवणार नाही, पण आपण होऊन बाहेरही येणार नाही. दुसरीकडे, भाचीच्या हाती पावती दिली तर उद्या प्रश्न विचारला जाईल की तिला कसं माहीत होतं.

उपाय: एक्झिक्युटरसाठी अर्ध्या पानाची चिठ्ठी. कोणतं कार्यालय, ठेवीची तारीख, पुस्तक ५ मधला नोंद क्रमांक, आणि पुढची कृती: मृत्यूचा दाखला घेऊन त्याच कार्यालयात कलम ४५ खाली अर्ज करायचा, अर्जदारासमोर लिफाफा उघडतात, अर्जदाराच्या खर्चाने मजकूर पुस्तक क्रमांक ३ (मृत्युपत्रांची नोंदवही) मध्ये उतरवतात, आणि मूळ मृत्युपत्र पुन्हा निबंधकाकडेच ठेवतात. एक्झिक्युटरने मूळ प्रत मागत बसू नये, नक्कल घ्यावी. मूळ प्रत न्यायालय मागवून घेऊ शकतं. मजकुराचा उल्लेख चिठ्ठीत नाही. पक्षकारांना हेही सांगितलं की लिफाफा उघडून उतरवला गेला की त्याची नक्कल कोणीही मागू शकतो. गुप्तता त्यांच्या हयातीपुरती आहे.

पावती पक्षकारांच्या लॉकरमध्ये नको. लॉकर उघडायलाच वारसांची खटपट लागते. घरातल्या कागदांच्या फाइलमध्ये.

१२ जानेवारी २०२६

पक्षकारांचा निरोप: एका बँकेतल्या ठेवी मोडून दुसऱ्या बँकेत नेल्या, शाखा वेगळी. ती शाखा मृत्युपत्रात नाही. ठेवींचं कलम शाखेच्या नावाने बांधलं होतं, ही आपली उणीव. "कोणत्याही बँकेत" असं असतं तर आज काही करावं लागलं नसतं. आता ती रक्कम उर्वरित मिळकतीत जाईल, आणि उर्वरित मिळकत भावाच्या नावे आहे, पुतण्याच्या नाही.

लिफाफा परत घेण्याची गरज नाही. नोंदणी अधिनियमाच्या कलम ४४ प्रमाणे तो मागता येतो, पण परत घेतल्याने मृत्युपत्र रद्द होत नाही, आणि घरी आणून तो सापडेनासा झाला तर रद्द केल्याचं अनुमान मागे लागतं. दोन पानी पुरवणी मृत्युपत्र करायचं. त्यात मूळ मृत्युपत्राची तारीख आणि ठेवीचा नोंद क्रमांक, बदललेलं एकच कलम, आणि "बाकी मजकूर कायम" हे वाक्य. साक्षीदार पुन्हा दोन, तेच डॉक्टर आणि शेजारी उपलब्ध आहेत. वेगळा लिफाफा, तोच पितळी ठसा, तेच कार्यालय. एक्झिक्युटरच्या चिठ्ठीत दुसरा क्रमांक जोडायचा, नाहीतर ते पहिला लिफाफा उघडून थांबतील.

लेजर पेपरचे तीन ताव शिल्लक आहेत. लाखेची नवी कांडी आणायची.